बांधाची लांबी आणि शेताचे माप

खेड्यात शेताचा सौदा ठरण्याच्या बेतात असला म्हणजे घेणारा मनुष्य बहुधा प्रथम एक गोष्ट करतो. तो बांधाबांधाने शेताला एक फेरी घालतो. फेरी पुरी होण्यास वेळ लागला आणि पायांना शीण जाणवला, की शेत ऐसपैस आहे अशी त्याचे मन ग्वाही देते. परंतु त्याच्या पायांनी जे मोजले ते शेत नव्हे. ती शेताची कड होय. जोंधळा उगवतो तो कडेच्या आतल्या भूमीवर. कडेची एकंदर लांबी म्हणजे परिमिती, आणि कडेने वेढलेल्या पृष्ठभागाचे माप म्हणजे क्षेत्रफळ. शाळेत चौथ्या-पाचव्या इयत्तेतच ही दोन नावे कानांवरून जातात. तथापि व्यवहारात उतरल्यावर या दोहोंची गल्लत भल्याभल्यांकडून होते, आणि ती होते तेव्हा कोणाचे तरी नुकसान झाल्यावाचून राहत नाही.

ही गल्लत आजची नव्हे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने तिच्याबद्दल तक्रार नोंदवून ठेवली आहे. मेगॅलोपोलिस हे त्याचे स्वतःचे गाव. त्याचा घेर पन्नास स्टेडियांचा आणि स्पार्टाचा अठ्ठेचाळीस. तरीही स्पार्टा मेगॅलोपोलिसच्या दुप्पट मोठे आहे, असे सांगितले की लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही, असे तो म्हणतो. पुढे इसवी सनाच्या पाचव्या शतकात प्रोक्लस या भाष्यकाराने याहून लबाडीची हकीकत सांगितली आहे. जमिनीची वाटणी करताना काही चतुर माणसे लांब घेराचा, पण कमी क्षेत्राचा तुकडा सोबत्याच्या पदरी घालीत आणि मोठ्या क्षेत्राचा तुकडा स्वतःकडे ठेवीत. विशेष हे, की घेणारा संतुष्ट होई आणि देणाऱ्याची प्रामाणिकपणाबद्दल ख्याती होई!

हिशेब अगदी साधा आहे. समजा, एका शेतकऱ्याजवळ पाचशे चाळीस मीटर कुंपण होईल इतकी काटेरी तार आहे. त्याने प्रत्येक बाजू एकशे पस्तीस मीटर धरून चौरस शेत वेढले, तर आत अठरा हजार दोनशे पंचवीस चौरस मीटर जमीन येईल. तेच कुंपण त्याने दोनशे साठ मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अशा पट्ट्याभोवती घातले, तर आत येतील केवळ दोन हजार सहाशे चौरस मीटर. तार तीच, खांब तितकेच, राखणदाराची फेरी तेवढीच. परंतु पीक मात्र एक-सप्तमांश. तार, खांब, बांध, भिंतीची गच्ची-कठडा यांचा हिशेब परिमितीने करावयाचा; आणि बियाणे, खत, पाणी, शेतसारा व जमिनीची किंमत यांचा हिशेब क्षेत्रफळाने करावयाचा, एवढे भान सुटले की चुकीला आरंभ होतो.

चौरस किंवा आयताकार शेत असेल तर काम सोपे असते. लांबीला रुंदीने गुणले की संपले. परंतु निसर्गाने आणि वाडवडिलांनी शेते आयताकार पाडून ठेवलेली नाहीत. एका बाजूस ओढा, दुसऱ्या बाजूस गाडीवाट, तिसरीकडे भाऊबंदांचा बांध, अशी चार वाकड्या दिशांनी धावणारी बहुतेक शेते. अशा शेताचे क्षेत्र काढण्याची एक रीत खेडोपाडी पूर्वापार चालत आलेली आहे. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढावयाची, उरलेल्या दोन बाजूंचीही तशीच सरासरी काढावयाची, आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करावयाचा. ईजिप्तमध्ये एडफू येथील देवळाच्या भिंतींवर देवस्थानाच्या जमिनींची मोजमापे कोरलेली आहेत, ती याच रीतीने काढलेली आहेत. शेत तिकोनी असेल तर तेथील लेखक चौथी बाजू शून्य समजून तीच रीत लावीत. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये रचलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त ही रीत सांगितली आहे, मात्र हे क्षेत्रफळ स्थूल होय, असे त्याने तेथेच बजावले आहे, आणि त्याला जोडून सूक्ष्म फलाची वेगळी रीत दिली आहे. दुर्दैवाने व्यवहाराने ‘स्थूल’ हा शब्द गाळून टाकला आणि रीत तेवढी उचलली.

या रीतीत दोष काय आहे, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका शेताच्या समोरासमोरच्या दोन बाजू प्रत्येकी एकशे तीस मीटर आणि उरलेल्या दोन प्रत्येकी एकशे चाळीस मीटर आहेत. सरासरीच्या रीतीने क्षेत्र आले अठरा हजार दोनशे चौरस मीटर, म्हणजे एक हेक्टर ब्याऐंशी आर. पण हे उत्तर शेताचे चारही कोपरे काटकोनात असतील तरच खरे. शेत तिरके असेल तर काय? हे पाहण्यासाठी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे कर्णावर, फीत धरावी. ती एकशे पन्नास मीटर भरली असे समजू. आता शेताचे दोन त्रिकोण झाले आणि प्रत्येकाच्या बाजू एकशे तीस, एकशे चाळीस व एकशे पन्नास. कर्णावरून चालत जाऊन, कोणत्या ठिकाणी उभे राहिले असता बाजूचा कोपरा बरोबर काटकोनात दिसतो, ते शोधावे. ती जागा एकशे तीस मीटरच्या बाजूकडील टोकापासून सहासष्ट मीटरांवर सापडेल, आणि तेथून कोपऱ्यापर्यंत लंब अंतर एकशे बारा मीटर भरेल. दुसऱ्या बाजूचा कोपराही तितक्याच अंतरावर. आता कर्णाला दोन लंबांच्या बेरजेने गुणून निम्मे करावे. दीडशे गुणिले दोनशे चोवीस, त्याचे निम्मे, सोळा हजार आठशे चौरस मीटर. म्हणजे एक हेक्टर अडुसष्ट आर.

दोन्ही उत्तरांत चौदा आरांचा फरक पडला. चारही बाजू तंतोतंत मोजल्या होत्या, फितीत खोट नव्हती, गुणाकारही चुकला नव्हता. आणि तरीही घेणाऱ्याने, जी जमीन पृथ्वीच्या पाठीवर नाहीच, तिच्या चौदा आरांचे पैसे मोजले असते. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की सरासरीच्या रीतीची चूक कधी इकडे, कधी तिकडे अशी होत नाही. आयत सोडून कोणत्याही चौकोनी शेताचे क्षेत्र या रीतीने खऱ्यापेक्षा अधिकच येते, कमी कधीही येत नाही. त्यामुळे जमीन विकणारा आणि सारा बसविणारा यांना ही रीत नेहमी लाभदायक, आणि विकत घेणारा व सारा भरणारा यांना ती नेहमी जाचक ठरते. ती इतकी शतके टिकून राहिली, याचे कारण केवळ तिचा सोपेपणाच असेल असे म्हणवत नाही.

या बाबतीत सर्वांत रोखठोक बोलला तो भास्कराचार्य. चार बाजूंच्या लांब्या दिल्या तरी चौकोनाची आकृती ठरत नाही, ही गोष्ट त्याने ११५० साली पूर्ण केलेल्या ‘लीलावती’त निःसंदिग्धपणे मांडली आहे. चार काठ्या टोकांशी दोऱ्याने बांधून चौकट करावी आणि समोरासमोरचे दोन कोपरे दाबावेत. चौकट हळूहळू चेपत जाते, काठ्या मात्र तितक्याच राहतात. म्हणून एखादा कर्ण अथवा लंब सांगितल्यावाचून चौकोनाचे नेमके क्षेत्रफळ जो विचारतो तो पिशाच, आणि त्याचे उत्तर जो देतो तो त्याहून मोठा पिशाच, असा अभिप्राय आचार्यांनी दिला आहे. तेरा, चौदा आणि पंधरा बाजूंचा जो त्रिकोण वर दहापटीने वापरला, तोही ‘लीलावती’तील जुना परिचित आहे. चाळीसगावाजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. १२०७ सालचा तेथील शिलालेख अंशतः मराठीत आहे. ज्या मुलखात हा ग्रंथ इतक्या आस्थेने शिकविला गेला, त्याच मुलखात जमिनीचे व्यवहार चार बाजूंच्या बळावर होत राहावेत, हा मोठाच विरोधाभास म्हणावयाचा.

त्रिकोणाची गोष्ट निराळी आहे. तीन काठ्यांची चौकट कितीही दाबली तरी चेपत नाही. म्हणून मोजणीचे सारे शास्त्र त्रिकोणावर उभे आहे. पाच, सहा, दहा कोपऱ्यांचे शेत असले तरी एक लांब कर्ण आखून त्यावर प्रत्येक कोपऱ्यातून लंब टाकला, की शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पडतात व त्यांची बेरीज करता येते. शंकू आणि साखळी घेऊन भूमापक वर्षानुवर्षे हेच करीत आला. घर बांधताना गवंडीही याच तत्त्वाचा आश्रय घेतो. पायाची आखणी झाल्यावर गुण्या लावून कोपरे तपासले तरी तो दोन्ही कर्णांवर दोरी धरून पाहतो. समोरासमोरच्या बाजू समान आणि दोन्ही कर्णही समान भरले, की आखणी काटकोनात आहे याविषयी त्याला शंका उरत नाही.

डोंगराळ मुलखातील मोजणीविषयी येथेच एक गोष्ट सांगून टाकणे बरे. कोकणात किंवा सह्याद्रीच्या उतरणीवर जमीन असलेल्या गृहस्थाने उतारावरून फीत टाकली तर त्याला नोंदीपेक्षा अधिक माप मिळते, आणि सरकारी मोजणीत आपली जमीन दाबली गेली असा त्याचा समज होतो. वास्तविक मोजणीचे अंतर नेहमी आडव्या पातळीत धरावयाचे असते. चार मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढणाऱ्या उतारावर फितीने शंभर मीटर भरलेले अंतर आडव्या पातळीत सुमारे सत्त्याण्णव मीटरच असते. कुंपणाची तार मात्र उतारावरूनच न्यावी लागते. तेव्हा ती नकाशावरील परिमितीइतकी आणली तर शेवटचा खांब उघडा राहावयाचा.

आता मापांकडे वळू. मुंबई इलाख्यातील नवी पाहणी १८३५-३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यातून सुरू झाली. या इलाख्यातील मोजणीत तेहतीस फुटांची साखळी रूढ झाली. तिचे सोळा आणे पाडलेले असत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, अर्थात एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद तो आर, आणि शंभर आरांचा हेक्टर. गुंठा म्हणजे एकशे एक चौरस मीटरांहून किंचित अधिक; त्यामुळे गुंठा आणि आर यांत शेकड्याला सव्वाएकाच्या आतबाहेरच फरक आहे. गावच्या बोलण्यात आराला गुंठा म्हटले तर घरगुती अंदाजात फारसे बिघडत नाही.

बिघडते ते निराळ्याच ठिकाणी. ‘एक एकर वीस गुंठे’ म्हणजे दीड एकर, ही गोष्ट जुन्या माणसाच्या अंगवळणी पडलेली असते. सातबाराच्या उताऱ्यावर तो ‘एक हेक्टर वीस आर’ असे वाचतो आणि त्याच सवयीने तो आकडा दीड हेक्टर समजतो. प्रत्यक्षात ते एक पूर्णांक दोन दशांश हेक्टर. एकरात चाळीसांनी भागावयाचे असते आणि हेक्टरात शंभरांनी. एवढ्या एका विस्मरणात तीस आर जमीन कागदावरच्या कागदावर उगवते. दुसरी चूक शहरात अधिक आढळते. मीटर म्हणजे तीन पूर्णांक अठ्ठावीस शतांश फूट हे पाठ असलेला मनुष्य चौरस मीटरांनाही त्याच आकड्याने गुणतो. परंतु लांबी आणि रुंदी या दोन्ही बदलल्या असल्यामुळे गुणाकार दोनदा करावा लागतो. एका चौरस मीटरात सुमारे पावणेअकरा चौरस फूट असतात. इंदूर, बडोदे अथवा उत्तरेकडील प्रांतांत वास्तव्य असणाऱ्या मराठी कुटुंबांची गाठ बिघ्याशी पडते. तेथे तर अधिकच जपले पाहिजे, कारण बिघा प्रांताप्रांतागणिक बदलतो. खरेदीखतात बिघ्यांबरोबर चौरस मीटरांचा आकडा लिहून घेणे हाच त्यावर उपाय.

भावाभावांतील वाटणीत परिमिती आपला वाटा न चुकता उचलते. दोनशे मीटर बाजूचे, म्हणजे चार हेक्टरांचे, चौरस शेत चार भावांत वाटावयाचे आहे. मधोमध दोन आडवे-उभे बांध घालून चार चौरस केले, तर आतील बांधांची लांबी चारशे मीटर होते. त्याऐवजी शेजारी शेजारी चार पट्टे पाडले, तर तीन बांध लागतात आणि त्यांची लांबी सहाशे मीटर होते. बांध एक मीटर रुंद धरला, तर पहिल्या वाटणीत चार आर आणि दुसरीत सहा आर जमीन नांगराखालून गेली. हा फरक अल्प वाटेल. पण पुढच्या पिढीत प्रत्येक भावाला चार मुलगे झाले आणि त्यांनीही तशाच उभ्या चिरफळ्या केल्या, की साडेबारा मीटर रुंदीचे सोळा पट्टे आणि तीन हजार मीटर बांध होतो. तीस आर जमीन बांधांनी खाल्ली. चौरस तुकडे पाडले असते तर बारा आरांत भागले असते. शिवाय अरुंद पट्ट्यात बैल वळविण्यास जागा नाही, आणि शेजाऱ्याने बांध वीतभर कोरला तरी तो दोनशे मीटर लांबीभर कोरला जातो. कज्जे उभे राहतात ते याच लांबीवर.

मग शेतकरी पट्टे का पाडतो? तो अडाणी आहे म्हणून नव्हे. प्रत्येक वाट्याला गाडीवाट मिळावी, विहिरीच्या पाटाचे पाणी पोहोचावे, वरची मुरमाड आणि खालची काळी अशी दोन्ही प्रकारची माती सर्वांच्या वाट्यास यावी, असा त्यात न्यायाचा विचार असतो. जमिनीचे अतोनात तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा करण्यात आला. परंतु क्षेत्रफळाची समान वाटणी आणि मातीची समान वाटणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सांगड घालणे कायद्यालाही सोपे गेलेले नाही. वाटणीच्या वेळी, रस्त्याकडील चौरसाचे क्षेत्र थोडे कमी आणि आडबाजूच्या चौरसाचे थोडे अधिक, असा हिशेब मांडण्यास सगळे भाऊ तयार झाले, तर पट्ट्यांवाचूनही न्याय होऊ शकतो. मात्र त्यासाठी आधी नकाशा आणि कागद-पेन्सिल घेऊन एकत्र बसावे लागते.

घरातील व्यवहारात परिमिती आणि क्षेत्रफळ यांचे नाते अधिक मैत्रीचे आहे. खोलीच्या चारही भिंतींना रंग द्यावयाचा असेल तर प्रत्येक भिंतीचा वेगळा हिशेब करण्याचे कारण नाही. खोलीची परिमिती काढून तिला उंचीने गुणले की चारही भिंतींचे क्षेत्र मिळते. जणू चार भिंती उलगडून एकच लांब पडदा केला. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीची परिमिती चौदा मीटर, भिंती बेचाळीस चौरस मीटर. तितक्याच, म्हणजे बारा चौरस मीटर, जमिनीची पण सहा मीटर लांब व दोन मीटर रुंद खोली असेल तर परिमिती सोळा आणि भिंती अठ्ठेचाळीस चौरस मीटर. फरशी दोन्हींकडे तेवढीच लागेल, रंग मात्र दुसरीत सहा चौरस मीटरांपुरता अधिक. दारे-खिडक्या वजा करण्याविषयी रंगारी आणि घरमालक यांच्यात नेहमी वाद होतो. बांधकामाच्या मोजमापात रूढ असलेला संकेत असा, की अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या भोकाची वजावट करावयाची नाही; त्याहून मोठ्या, पण तीन चौरस मीटरपर्यंतच्या दारा-खिडकीची वजावट भिंतीच्या एकाच अंगास करावयाची. कारण उघड्या जागेच्या कडांना, म्हणजे भिंतीच्या जाडीलाही, काम करावेच लागते. महाराष्ट्रात गवंडी अशा कामाचा दर ब्रासवर सांगतात. पृष्ठभागाचा ब्रास शंभर चौरस फुटांचा आणि वाळू-खडीचा ब्रास शंभर घनफुटांचा. शब्द एकच असला तरी मापे दोन, हे दर ठरविताना विसरून चालत नाही.

शहरात सदनिका घेणाऱ्याच्या दृष्टीने तर भिंतीची जाडी हा पैशांचा प्रश्न आहे. बाहेरून दहा मीटर लांब व सहा मीटर रुंद घराचे क्षेत्र साठ चौरस मीटर. बाहेरच्या भिंती तेवीस सेंटिमीटर, म्हणजे नऊ इंच जाड असतील, तर आत प्रत्यक्ष त्रेपन्न चौरस मीटरांहून थोडी कमीच जागा उरते. बाहेरच्या परिमितीला भिंतीच्या जाडीने गुणले की ही घट जवळजवळ मिळते. चार कोपरे दोनदा मोजले जातात तेवढी चूक काढून टाकावयाची. तेच साठ चौरस मीटर वीस मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशा आकारात बसविले, तर आतील जागा पन्नासाच्याही खाली येते. बाहेरच्या मापावर पैसे आणि आतल्या मापात संसार, अशी ग्राहकाची दीर्घकाळ ओढाताण झाली. २०१६ च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियमाने चटई क्षेत्राची व्याख्या ठरवून दिली. तीत बाहेरच्या भिंती, सज्जा आणि उघडी गच्ची धरावयाची नाहीत. घरातल्या घरात असलेल्या आडभिंतींची जागा मात्र धरावयाची. तेव्हा कागदावरील चटई क्षेत्र आणि खोल्या-खोल्यांतून फीत टाकून केलेली बेरीज यांत थोडे अंतर दिसले, तर त्याचे कारण प्रथम आडभिंतींत शोधावे.

कापडाच्या दुकानात क्षेत्रफळ लपून बसलेले असते. कापड विकतात लांबीवर, आणि पन्हा विचारला तरच सांगतात. नव्वद सेंटिमीटर पन्ह्याचे चार मीटर कापड आणि एक मीटर वीस सेंटिमीटर पन्ह्याचे तीन मीटर कापड, दोन्ही तीन चौरस मीटर आणि साठ शतांशच भरतात. भाव मीटरवर एकच असेल तर कोणते घ्यावे हे सांगावयास नको; अर्थात शिंप्याच्या बेतणीत रुंद पन्हा बसत असेल तर.

बांबूच्या तट्ट्याची कणगी हे या विषयातले एक मनोरंजक उदाहरण आहे. सहा मीटर लांब व दोन मीटर रुंद तट्टा घेऊन त्याचे गोल वेटोळे केले आणि तो दोन मीटर उंच उभा केला, तर घेर सहा मीटर होतो आणि आत सुमारे पावणेसहा घनमीटर धान्य मावते. तोच तट्टा सहा मीटर उंच उभा करून घेर दोन मीटरांचा ठेवला, तर दोन घनमीटरांहूनही कमी मावते. बरोबर तिसरा हिस्सा! घेर तिप्पट झाला की तळाचे क्षेत्र नऊपट होते, आणि उंची मात्र तिसऱ्या हिश्श्यावर येते, हे त्याचे कारण. तट्टा गोल न करता चौकोनी उभा केला, तर दोन मीटर उंचीवर साडेचार घनमीटरच मावते. दिलेल्या घेरात सर्वाधिक जागा वेढावी ती वर्तुळानेच. कणगी विणणाऱ्या बुरुडाला हे सूत्र कोणी शिकविलेले नसते, तरी तो ती गोल, रुंद आणि बेताच्या उंचीचीच विणतो, आणि तळाशी शेणमातीचा गिलावा देताना तोही घेराला उंचीने गुणल्यासारखाच अंदाज बांधून माती कालवतो.